पोटाच्या उंचीचा आरसा

वायसर मला त्या हॉटेलात पहिल्यांदा घेऊन गेला तेव्हा मी सूपचा एक चमचा तोंडात घातला, चमचा खाली ठेवला आणि त्याला विचारलं, "तुझं माझं काही जुनं भांडण राहिलंय का?"

"का रे?" तो म्हणाला. त्याचं अर्धं सूप संपलं होतं.

"मग हा सूड कसला उगवतोयस?"

तो हसला आणि पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून खायला लागला. पाव आदल्या दिवशीचा होता, कडेने वाळलेला आणि मधे कच्चा. म्हणजे शिळाही आणि अर्धवट भाजलेलाही, आणि हे दोन्ही एकाच पावात जमवायला खास कर्तृत्व लागतं. मी चाळीस वर्षं पाव भाजलेत. एका मोठ्या बेकरीत पीठ मळण्यापासून सुरुवात केली आणि भट्टीचा मुख्य म्हणून निवृत्त झालो. कच्चा पाव समोर आला की मला दुसऱ्याच्या घरातलं भांडण कानावर पडल्यासारखं अवघडायला होतं.

हॉटेल आमच्या चौकाच्या कोपऱ्यावर, दातांच्या दवाखान्याच्या खाली. आत नऊ टेबलं, त्यातली आठ कायम रिकामी. भिंतीशी माशांची काचेची पेटी आहे, पाणी आहे, दिवाही आहे, फक्त मासे नाहीत. मालक गल्ल्यावर बसून आवाज बंद केलेला टीव्ही बघत असतो आणि गिऱ्हाईक आलं तर दचकतो. एवढं मोठं शहर, पावलापावलावर हॉटेलं, आणि आमच्या वायसरने शोधून शोधून हे शोधलं. दर बुधवारी तिथेच. मी सहा महिने तक्रार केली. आज हे लिहिताना त्या तक्रारींची मला लाज वाटते, पण सूपबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

वायसर म्हणजे माझा दोस्त. नळांची कामं करतो. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोशिवाय कोणी घेत नाही, आणि तीही रागावली तरच. शर्टाच्या, पँटच्या, कोटाच्या, सगळ्या खिशांत त्याच्याकडे नळात घालायची रबरी वायसरं असतात. बसमध्ये तिकिटासाठी सुटे काढायला गेला की कंडक्टरच्या हातावर आधी तीन वायसरं पडतात.

तीस वर्षांपूर्वी आमच्या बेकरीत भिंतीतला पाइप फुटला आणि मैद्याच्या खोलीत पाणी यायला लागलं, तेव्हा तो पहिल्यांदा आला. आम्ही सगळे एका वेळी बोलत होतो. त्याने कोणाकडे बघितलं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक भिंतीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "गप्प बसा सगळे." मोठ्या साहेबांसकट सगळे गप्प बसले. दोन ठिकाणी ऐकून त्याने तिसऱ्या ठिकाणी भिंत फोडली, आणि पाइप तिथेच फुटलेला होता.

काम आटोपून हात धुताना तो मला म्हणाला, "तुम्ही बुटके आहात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खरंच बुटका आहे, पण हे सांगायला नळवाला बोलावलेला नव्हता.

"आणि हे बेसिन उंच आहे," तो पुढे म्हणाला. "हात धुताना पाणी कोपरावरून शर्टात जातं तुमच्या. रोज ओले होत असाल."

अकरा वर्षं मी रोज ओला होत होतो. ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या बायकोच्याही नाही. त्याने खिशातून एक सुतळी काढली, मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, आणि जमिनीपासून सुतळी धरून माझ्या कोपरापाशी एक गाठ मारली. मग मला पीठ मळायच्या टेबलाशी नेलं, टेबलाची कड माझ्या पोटाला जिथे टेकत होती तिथे दुसरी गाठ मारली. त्याच्याकडे मापाची टेप आहे, पण ती भिंतींसाठी. माणसाचं माप तो सुतळीने घेतो. दुसऱ्या दिवशी येऊन, कोणी न सांगता, त्याने बेसिन खाली घेतलं. बेकरीतले सगळे उंच लोक त्यानंतर वाकून हात धुवायचे आणि त्याच्या नावाने बोटं मोडायचे. आमची दोस्ती तेव्हापासूनची. तो मला 'भट्टी' म्हणतो.

माणूस सोन्यासारखा, पण त्याला जेवणातलं ओ की ठो कळत नाही. त्याला भूक कळते, चव कळत नाही. कुठल्याही हॉटेलात गेला की आधी हात धुवायच्या निमित्ताने आत जाणार, दहा मिनिटांनी येणार आणि सगळ्यांसमोर सांगणार, "टाकी गळतेय यांची." माझी बायको म्हणायची, भावजींना जेवायला बोलावलं की आधी संडास घासावा लागतो.

आता माझ्या पोटाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गेल्या वर्षी माझ्या आतड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, खालचा मार्ग कायमचा बंद केला, पोटाला डाव्या बाजूला एक तोंड ठेवलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. जे सगळ्यांचं खालून जातं ते माझं तिथून पिशवीत जातं. पिशवी भरली की रिकामी करायची, काही दिवसांनी बदलायची. आयुष्यभर. मी वाचलो होतो, आणि वाचलेल्या माणसाने आनंदात असायला हवं, हे मला सगळे सांगत होते. मी आनंदात नव्हतो. पिशवी कशी बदलायची ते नर्सबाई चित्रांचा एक कागद घेऊन समजावत होत्या तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो. बायकोने सगळं शिकून घेतलं. घरी तीच बदलायची आणि मी छताकडे बघत राहायचो. ते जे काही होतं ते मला बघायचं नव्हतं. बाथरूममध्ये खाली एक आरसा लावून घेऊ या, असं ती एकदा म्हणाली, तर मी तिच्या अंगावर खेकसलो. बाकी कोणाला काही सांगायचं नाही अशी मी तिला आणि मुलीला शपथ घातली होती. वायसरला एवढंच माहीत, की पोटाचं ऑपरेशन झालं.

घरी आल्यावर दुसऱ्या महिन्यात बेकरीतल्या एका जुन्या सोबत्याच्या निवृत्तीचं जेवण होतं. पांढऱ्या टेबलक्लॉथचं हॉटेल. पाव इतका सुरेख, की मी दोन महिन्यांत पहिल्यांदा खुशीत जेवलो. आणि जेवणाच्या मध्यावर पिशवी भरली. बाथरूमच्या दाराची कडी लागत नव्हती. शर्ट अडकवायला खुंटी नव्हती, म्हणून तो दातांत धरला. सामान ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते काखेत धरलं. बेसिन बाहेर, आणि बाहेर तिघे गप्पा मारत उभे. एवढ्यात कोणीतरी दार ढकललं. पुढचं मी सांगणार नाही. शर्ट बदलून येतो म्हणून घरी गेलो तो परत आलो नाही. ते जेवण राहू दे, त्यानंतर मी उंबऱ्याबाहेरच पडलो नाही. दवाखान्यात तपासणीला जाणं सोडलं तर पाच महिने घरात.

त्या पाच महिन्यांत माझ्या मुलीला मुलगी झाली. मुलगी बसने चार तासांवर राहते. माझ्या बायकोने दोनदा बॅग भरली. एकदा मी म्हणालो ऊन फार आहे, एकदा म्हणालो गुडघा दुखतोय. मला सोडून ती जाईना आणि मी जाईना. दोन्ही वेळा तिने बॅग परत उपसली, नातीसाठी विणलेलं टोपडं कपाटात ठेवलं आणि कपाट बंद केलं. एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं. नात फोनवर दिसायची, मोठी होत चाललेली दिसायची, आणि मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात नक्की."

अशात एका बुधवारी सकाळी वायसर आला. बुधवार त्याच्या सुट्टीचा.

"ऊठ. जेवायला जायचंय."

"मी नाही येणार."

"बरं," म्हणाला आणि खुर्चीत बसला. दहा वाजल्यापासून बसला. मधे उठून आमच्या स्वयंपाकघरातला नळ उघडला, मिटला, परत उघडला. बायकोने चहा दिला, तो प्याला. बारा वाजले.

"किती वेळ बसणार आहेस?"

"भूक लागलीय," तो म्हणाला. "तू उठलास की लगेच जाऊ."

हॉटेल सात मिनिटांवर होतं. काही झालंच तर पळत घरी येता येईल, असा हिशोब करून मी उठलो. बायकोने माझ्या हातात सामानाची छोटी पिशवी दिली आणि खिडकीत जाऊन उभी राहिली.

तर ते सूप. मी त्याला सुडाबद्दल विचारलं, तो हसला, आणि थोड्या वेळाने मला पोटाशी ओळखीची ऊब जाणवली. घाम फुटला. पांढऱ्या टेबलक्लॉथचं ते सगळं डोळ्यांपुढे आलं. वायसर ताटातून वर न बघता म्हणाला, "बाथरूम डाव्या हाताला. कडी चांगली आहे."

कडी खरंच चांगली होती, भक्कम पितळी. दाराच्या आत खुंटी, बरोबर माझा हात जाईल तिथे. कमोडच्या शेजारी एक फळी, तीवर सामान मावलं. बेसिन आतच, हाताला लागेल असं. झाकणाची कचऱ्याची बादली. आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरसा इतका खाली लावलेला, की त्यात माझं तोंड दिसेना, नुसतं पोट दिसत होतं. लावणारा एकतर बसून काम करत असावा किंवा प्यायलेला असावा, असं मी मनात म्हटलं. आणि शर्ट वर करताना माझी नजर त्यात गेली.

सहा-सात महिन्यांत मी ते पहिल्यांदा बघितलं. मी मनात काय काय भयंकर रंगवून ठेवलं होतं! एवढंसं होतं ते. केकवर लावतो त्या चेरीएवढं, तसंच लालचुटूक आणि ओलं. एवढ्याशा गोष्टीला घाबरून मी घरात बसलो होतो. मी बराच वेळ बघत राहिलो, मग पिशवी रिकामी केली, हात धुतले आणि बाहेर आलो.

"आरसा बघितलास का यांचा?" बसता बसता मी वायसरला म्हणालो. "पोट दिसतं त्यात! लावणाऱ्याला डोकं नाही."

"नसेल," वायसर म्हणाला आणि माझं उरलेलं सूप स्वतःकडे ओढलं.

त्यानंतर दर बुधवार. मला वाटायचं, आपलं नशीब म्हणून एवढ्या भिकार हॉटेलचं बाथरूम असं सोयीचं निघालं. चौथ्या की पाचव्या बुधवारी त्या आरशात बघून मी माझी पिशवी स्वतः बदलली. घरी येऊन बायकोला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि भाजी चिरायला लागली, आणि मग सुरी ठेवून पदराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून मी तिचा हातातला आरसा स्टुलावर टेकवून घरीही माझं मीच करायला लागलो. पण पाय अजून त्या सात मिनिटांपलीकडे जायला तयार नव्हते. नात आता पालथी पडत होती.

भीती कमी झाली तशी माझी जीभ सैल सुटली. उकडलेल्या भाज्यांना नावं ठेव, भाताला नावं ठेव, पावाबद्दल तर मी रोज नवीन बोलायचो. वायसर ऐकायचा आणि खायचा. अशात माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीने स्वतःची बेकरी काढली, आत बसून खायची सोय केली. तिचा फोन आला, "सर, तुम्ही येऊन चव घेतल्याशिवाय मला झोप लागायची नाही." मी वायसरला म्हणालो, पुढच्या बुधवारी तिकडे.

"नको."

"का नको?"

"तिथे गर्दी असते."

"गर्दी असते कारण पाव चांगला असतो!"

"लांब आहे."

"दोन स्टॉप लांब आहे."

"इथे काय वाईट आहे?" तो म्हणाला, आणि समोरचा तो पाव उचलून तोंडात टाकला.

माझा ताबा सुटला. मी म्हणालो, "तुझी जीभ म्हणजे रबराचं वायसर आहे. तुला काय फरक पडतो? तुझ्याबरोबर जेवायला दुसरं कोणी येत नाही, म्हणून तू मला या खुराड्यात धरून ठेवलंयस."

वायसरने चमचा ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, तोंड पुसलं, हत्यारांची पिशवी उचलली, "बरं" म्हणाला आणि निघून गेला. ताटात अर्धं जेवण तसंच होतं. तीस वर्षांत मी त्याला ताट टाकून उठताना बघितलं नव्हतं. मला तिथेच चूक कळली होती, पण मी त्याच्यामागे गेलो नाही, कारण मी तसाच आहे.

आठवडाभर मी फोन केला नाही, त्यानेही नाही. बुधवारी बारा वाजले, खुर्ची रिकामी. मी फोन केला, तो उचलला गेला नाही. तेव्हा मी सामानाची पिशवी घेतली आणि एकटाच निघालो. वाटलं, तो तिथे जाऊन बसला असेल. नव्हता.

मालक दचकला. "आज मिस्त्री नाहीत?"

"नाहीत," मी म्हणालो. सूप मागवलं. गप्प बसवेना, म्हणून म्हटलं, "मालक, बाथरूममधला आरसा तेवढा वर घ्या हो. कसा लावलाय तो!"

मालकाने टीव्ही बंद केला. माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "तुम्हाला चालेल वर घेतलेला?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो तुमच्यासाठीच लावलाय ना? मला आधीच संशय होता. बुटके आहात, आणि दर वेळी मिस्त्रींबरोबर." तो गल्ल्यावरून उठून माझ्या समोर येऊन बसला, बहुतेक बरेच महिने कोणाला तरी सांगायचं होतं त्याला. "अहो, तुम्ही यायच्या आधीच्या आठवड्यात आले इथे. म्हणाले, तुमची टाकी चार वर्षं गळतेय, ती करून देतो, पण आत खुंटी, फळी, बेसिन आणि आरसा मी सांगेन तिथे लावणार. मी म्हटलं, आरसा एवढ्या खाली? गिऱ्हाइकांना केस विंचरायला वाकावं लागेल. तर मला म्हणतात, तुमच्याकडे गिऱ्हाइकं आहेत कुठे?"

मला हसू आलं नाही.

"चौदा हॉटेलं फिरले होते म्हणे. ते पांढऱ्या टेबलक्लॉथवालं, ते बागेजवळचं, सगळी. महागड्या फरशीला कोण भोक पाडू देतंय? मी पाडू दिलं. माझ्या फरशीत आहे काय? मागच्या आठवड्यात त्या नव्या बेकरीवालीकडेही जाऊन आले. ती तयार होती, पण जागा भाड्याची, घरमालक नाही म्हणाला."

"उंची कशी ठरवली त्याने?" मी विचारलं.

"खिशातून एक जुनाट सुतळी काढली. दोन गाठी मारलेल्या. म्हणाले, ही वरची गाठ कोपर आणि ही खालची पोट."

मी उठून आत गेलो. मला काही करायचं नव्हतं. कडी लावली, खुंटीला हात लावला, फळीवर हात ठेवला. आरशात माझं पोट दिसत होतं. चांगल्या हॉटेलांनी नाही म्हटलं म्हणून आम्ही वाईट हॉटेलात जेवत होतो, एवढी साधी गोष्ट होती, आणि मी त्या माणसाला चव शिकवत होतो. मी तिथे उभा राहून रडलो. कडी चांगली होती, त्यामुळे कोणी आलं नाही.

तिथून मी थेट त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं.

"वहिनी, आहे का तो?"

"सकाळच्या बसने गेलेत. ड्रिल घेऊन."

"कुठे?"

"मला कधी सांगतात का? रस्त्यातलं कुठलंसं हॉटेल आहे म्हणाले, बस जेवायला थांबते ते. मागच्या बुधवारपासून डोक्यात तेच. आरसाही घेऊन गेलेत एक, माझ्या चांगल्या चादरीत गुंडाळून. तुम्हाला माहीत नाही?"

मुलीच्या गावची बस वाटेत एकाच ठिकाणी जेवायला थांबते. मी वहिनींना काही न बोलता तिथून बसस्टँडवर गेलो. चार वाजले होते. एका बाकावर जागा मिळाली. एका बाजूला कोंबड्यांची टोपली घेतलेल्या बाई, दुसऱ्या बाजूला पेपर वाचणारा माणूस. दीड तास मी त्या गर्दीत बसलो होतो आणि माझं पोटाकडे लक्षच नव्हतं, हे मला नंतर आठवलं.

साडेपाचच्या बसमधून वायसर उतरला. केसांत सिमेंटची पांढरी धूळ, खांद्यावर हत्यारांची पिशवी, काखेत रिकामी चादर.

"तू इथे कसा?" तो म्हणाला. "चालत आलास?"

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. "माझं. पिशवीचं."

"तू दवाखान्यात होतास तेव्हा वहिनींनी बोलावलं होतं, तुमच्या बाथरूममध्ये फळी लावायला. काही बोलल्या नाहीत त्या. पण भिंतीवर तो चित्रांचा कागद चिकटवलेला होता. वाचला." त्याने डोक्यातली धूळ झटकली. "नीट केलंय की काम. खालची लाइन बाद झाली, वरून काढून दिली. डॉक्टर करतात तेच मी चाळीस वर्षं करतोय, त्यात लपवायचं काय?"

"मला बोलला नाहीस कधी."

"तू सांगितलं नाहीस. मग मी कसं बोलणार?"

लोक आम्हाला धक्के देत जात होते. मी त्याचा हात धरला, तीस वर्षांत पहिल्यांदाच असेल. "मी त्या दिवशी तुला जे बोललो ना..."

"कुठलं? माझ्याबरोबर जेवायला कोणी येत नाही ते? खरंच आहे. कोण येतंय?"

"मग ताट टाकून का उठलास?"

"आरशाचं दुकान दोनला बंद होतं," वायसर म्हणाला. "तू बोलत बसलास, मला उशीर झाला."

मला हसू आलं आणि त्याबरोबर पुन्हा रडूही आलं. मी त्याला म्हणालो, की तू माझ्यासाठी जे केलंस ते माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं. तो अवघडून इकडे तिकडे बघायला लागला आणि म्हणाला, बसस्टँडवरच्या टाकीतला पाणी अडवणारा चेंडू बिघडलाय, ऐकू येतंय. मग आम्ही चालायला लागलो. रस्ता ओलांडताना तो थांबला.

"एक आधीच सांगून ठेवतो, भट्टी. तिथलं जेवण आपल्या हॉटेलपेक्षाही भिकार आहे. तक्रार करायची नाही. त्यांनी भोकं पाडू दिलीत."

शनिवारी सकाळच्या बसला मी आणि बायको बसलो. बॅग तिने तिसऱ्यांदा भरली होती, टोपडं सगळ्यात वर. नातीचं डोकं आता त्यात मावेल की नाही याची तिला काळजी होती. दोन तासांनी बस थांबली. लाकडी बाकं, कळकट टेबलं, आणि वाढणाऱ्याचा अंगठा सूपमध्ये. मी बाथरूममध्ये गेलो. नवी कडी, खुंटी, फळी, आणि भिंतीवर, माझ्या पोटासमोर, नवा आरसा. सिमेंट अजून ओलसर दिसत होतं. खुंटीला, बहुधा घाईत विसरलेली, दोन गाठींची जुनी सुतळी लटकत होती. मी ती काढून घडी करून खिशात ठेवली.

बाहेर येऊन बसलो आणि सूप तोंडात घातलं. वायसर जेवणाबद्दल पहिल्यांदाच बरोबर बोलला होता. पाव तर असा होता, की मी बेकरीत असतो तर भाजणाऱ्याला घरी पाठवला असता. मी सगळं सूप प्यायलो, पाव पुसून वाटी स्वच्छ केली आणि अजून एक वाटी मागवली.

बायको बघत राहिली. "आवडलं?"

"भयंकर आहे," मी म्हणालो आणि दुसरी वाटी पुढे ओढली.